पडद्यापलीकडच्या विद्यार्थिनी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मोबाईलवरून शिकवताना विद्यार्थिनींशी कसे बोलावे, हा विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. मी काही अध्यापनाचा अभ्यासक्रम केलेली शिक्षिका नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा आमच्या गावापासून दूर होती आणि मुलींना एवढ्या लांब पाठवण्याची तेव्हा आमच्या घरी पद्धत नव्हती. हातात शिवणाचे यंत्र मात्र लग्नाआधीपासून आहे. आजूबाजूच्या मुली शिवण शिकायला माझ्या ओटीवर यायच्या. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि ओटी ओस पडली. तेव्हा आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवरून वर्ग कसा घ्यावयाचा ते दाखवून दिले, आणि "आता एवढ्यापुरते" म्हणून जे सुरू झाले ते आजतागायत चालू आहे. ब्लाऊज बेतणे आणि शिवणे, बारा तास, एका वेळी जास्तीत जास्त चौदा जणी. ओटीवर यायच्या त्या चार गल्ल्यांतल्या. आता कोणी निपाणीची असते, कोणी नंदुरबारकडची, एक तर दुबईहून बसते. तिचे घड्याळ आपल्या दीड तास मागे, त्यामुळे आपली जेवणे उरकलेली असतात तेव्हा तिची फोडणी पडत असते.

दूर राहून शिकवणे ही काही आजची गोष्ट नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ साली निघाले आणि चूल-मूल सांभाळून कितीतरी बायका त्यातून शिकल्या. आपल्या मंडळातही त्यांतल्या दोघी-तिघी आहेत. पुस्तके घरी यायची, अभ्यास घरीच, तरीसुद्धा अभ्यासकेंद्रावर जाऊन समोरासमोर बसावयाची संपर्कसत्रे ठेवलेली असत. मला त्यात मोठे शहाणपण दिसते. पुस्तक कितीही चांगले असले तरी ते वाचणारीच्या कपाळावर आठी पडली आहे, हे पुस्तकाला कळत नाही. मोबाईलवरच्या वर्गाचीही अडचण नेमकी तीच आहे. आपण बोलतो ते तिकडे छान पोचते. तिकडचे आपल्याकडे काही येत नाही.

ओटीवर शिकवताना मी निम्मे बोलतच नसे. मुलगी कात्री कशी धरते, यंत्राच्या पायटीवर पाय टाकताना अंग आखडते का, हे डोळ्यांना दिसायचे. दोरा तुटला की आवाजावरून कळायचे. एखादी गप्प झाली की चहा टाकावा, तिला बोलते करावे. मोबाईलवर यांतले काहीही नाही. चौदा चौकोन, त्यांतले आठ काळे, कारण घरात कोणी वावरत असते, कोणाच्या मागे दोरीवर कपडे वाळत असतात, तर कोणाकडे इंटरनेट पुरत नाही. आवाज सगळ्यांचे बंद. आपण एकट्याच बोलत राहतो, आणि शेवटी विचारतो, "समजले का ग सगळ्यांना?"

मैत्रिणींनो, या प्रश्नासारखा कुचकामी प्रश्न दुसरा नाही. त्याला "हो" हे एकच उत्तर येते. त्यातही हल्ली "हो" म्हणण्याचेही कष्ट नाहीत. अंगठ्याचे चित्र पाठवले की झाले. पूर्वी अंगठा ही निरक्षराची खूण होती. आता चांगल्या पदवीधर बायकाही अंगठाच उमटवतात! तो अंगठा म्हणजे समजले असे नव्हे. "काकू, पुढे चला, माझ्यामुळे खोळंबा नको" एवढाच त्याचा अर्थ. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईला तर वर्गात "मला समजले नाही" म्हणण्याची फार भीती असते. इतरांना कळते आणि आपल्यालाच कळत नाही, हे चारचौघींत उघडे पडू नये म्हणून ती आधी मान डोलावते आणि मग कापड कापते. ही भीती मला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून मी "समजले का" विचारत नाही. मी म्हणते, "दाखव." आमच्या वर्गाचा एक नियम आहे, आणि तो पहिल्या तासालाच सांगून ठेवलेला असतो. खडूने आखून झाले की कात्री बाजूला ठेवावयाची, आखलेल्या कापडाचा फोटो काढून मला पाठवावयाचा, आणि माझा निरोप येईपर्यंत कापावयाचे नाही. मग कोणी कितीही घाईत असो. शिवणातले बाकी सगळे सुधारता येते. टाका चुकला तर उसवता येतो. कात्रीचे तसे नाही.

या नियमाचे मोल मला एका मुलीमुळे फार कळले. निपाणीकडचीच ती. आवाज बारीक, बोलणे जेमतेम. आम्ही पहिले दोन ब्लाऊज मांजरपाटावर बेततो, तिसरे आपल्या आवडीच्या कापडावर. तिसऱ्याच्या वेळी तिने खण घेतला. मी पाठीचा भाग कसा ठेवावयाचा ते सांगितले: पाठ अखंड हवी, म्हणून पाठीचा मध्य कापडाच्या घडीवर यावयास पाहिजे, पुढे हूक लावावयाचे असतात, म्हणून पुढचे दोन भाग सुटे. दोनदा सांगितले. तिने दोन्ही वेळा "हो काकू" म्हणून लिहिले. संध्याकाळी तिचा फोटो आला. आखणी इतकी नेटकी की बघत राहावे. गळा गोल, मुंढ्याचा वळसा सुरेख. मात्र पाठीचा मध्य घडीवर नव्हता; सुट्या कडेवर होता. तशीच कात्री चालवली असती तर पाठीचे दोन तुकडे हातात आले असते आणि खणाचे नुकसान झाले असते. मी लगेच फोन केला. "थांब, कात्री लावू नकोस. घडी दुसरीकडे फिरव." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "काकू, हा खण आईने घेऊन ठेवला होता. ती गेली. हा एकच आहे."

दोन्ही वेळा तिने "हो" लिहिले होते, ते खोटे नव्हते. घडी म्हणजे काय हे तिला माहीत होते, पाठ म्हणजे काय हेही माहीत होते. तिच्यापुढे कापड ज्या बाजूने पसरले होते ते माझ्या कापडापेक्षा वेगळे होते, एवढेच. हे "हो"मधून कसे कळणार? आणि तिने त्या कापडाबद्दल आधी अवाक्षर काढले नव्हते. काढायचे कारणही नव्हते. दूरच्या विद्यार्थिनीच्या हातात काय आहे, ते तिच्यासाठी किती मोलाचे आहे, हे आपल्याला कधीच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येकीचे कापड खणाचे आहे असे धरून चालावे.

आता कापड कोणत्या बाजूने पसरावयाचे यावरून मोबाईल कोठे ठेवावा हा मुद्दा निघतो. तो क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते निम्मे शिकवणे त्यात आहे. बहुतेक जण मोबाईल समोर उभा करतात, आणि आपण त्याच्यापुढे बसतात, बातम्या वाचणाऱ्यांसारखे. भाषण करावयाचे असेल तर ठीक. पण हाताचे काम शिकवताना त्याने घोटाळा होतो, कारण समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात बघणारीच्या डावीकडे दिसतो, आणि माझ्याकडचा गळा तिला उलटा दिसतो. भरीला आणखी एक गंमत आहे. आपण स्वतःला पडद्यावर आरशातल्यासारखे दिसतो; बघणाऱ्यांना मात्र आपण सरळ दिसतो. त्यामुळे "मी दाखवते त्या हाताने" असे म्हटले की आपल्या आणि त्यांच्या डोक्यात दोन वेगळे हात असतात.

आपल्या आई-आज्यांनी आपल्याला पुरणपोळी लाटायला, वाती वळायला कसे शिकवले ते आठवा. समोर बसवून नव्हे, शेजारी बसवून. तिचे हात आणि आपले हात एकाच दिशेला. मी आमच्या कपाटाच्या वरच्या फळीला एक लाकडी पट्टी बाहेर काढून ठोकून घेतली आहे, त्या पट्टीला मोबाईल सुतळीने बांधते, कॅमेरा खाली तोंड करून. म्हणजे मला माझे हात जसे दिसतात तसेच तिला दिसतात. चेहरा दिसत नाही, आणि न दिसला तरी चालतो. सुरुवातीला दोन मिनिटे तोंड दाखवून बोलावे, मग हातच दिसू द्यावे. पांढऱ्या कापडावर निळा खडू, गडद कापडावर पांढरा. उजेड खिडकीचा डावीकडून, म्हणजे लिहित्या हाताची सावली आखणीवर पडत नाही. आणि "असे, इथून, एवढे" हे शब्द तोंडात येऊ देऊ नयेत. तिचे इंटरनेट अडखळले आणि चित्र थांबले, तर "एवढे" म्हणजे किती हे तिला कसे कळावे? "खांद्यापासून खाली" म्हणावे, "छातीचा चौथा भाग, म्हणजे ३६ ला ९ इंच, आणि त्यापुढे शिलाईची माया" म्हणावे. चित्र गेले तरी शब्दांवरून हात चालला पाहिजे. आकाशवाणीवर बायकांसाठीच्या कार्यक्रमांत पाककृती सांगत, तेव्हा चित्र नव्हतेच. सगळे शब्दांनीच सांगावे लागे. आपण मोबाईल आल्यापासून फार हातवारे करू लागलो आहोत.

शब्दही नीट पारखून घ्यावे लागतात. बारा गावच्या बायका म्हणजे बारा बोली. मी माया म्हणते, कोणी मार्जिन म्हणते. मी ब्लाऊज म्हणते, कोणाची आजी झंपर म्हणत असे, कोणी पोलके म्हणते. पहिल्या तासाला मी प्रत्येकीला विचारून घेते, तुमच्याकडे याला काय म्हणतात? त्यात दहा मिनिटे जातात, आणि मौज अशी की बंद असलेले आवाज त्याच दहा मिनिटांत उघडतात. स्वतःच्या घरचा शब्द सांगताना कोणी बाई लाजत नाही. एकदा बोलल्या की मग पुढे प्रश्नही विचारतात.

मोजमापाची टेप हा आणखी एक विषय. जुनी टेप वापरून वापरून ताणते. ओटीवर सगळ्या जणी माझ्याच टेपने मोजत, म्हणून हा प्रश्न आला नव्हता. मोबाईलवर प्रत्येकीची टेप तिची. एकीचे माप काही केल्या जुळेना. आखणी बरोबर, बेरीज बरोबर, शिवून मात्र अंगाला बसेना. तेव्हा तिला म्हटले, मुलाच्या दप्तरातली पट्टी घे आणि टेप तिच्या शेजारी धरून फोटो पाठव. बारा इंचांत चांगला फरक निघाला. तेव्हापासून वर्ग सुरू होण्याआधी सगळ्याच जणी टेप पट्टीशी ताडून बघतात. तुम्ही स्वयंपाक शिकवणार असाल तर वाटीचे असेच होणार हे लक्षात ठेवा. तुमची वाटी आणि तिची वाटी एक नव्हे.

आता चूक कशी सांगावी. व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो आला की "छान", "सुंदर", "मस्त" असा पाऊस पडतो. मला तो मनापासून आवडत नाही. मुंढा चुकला असताना "छान" म्हटले तर ती बिचारी पुढचे चार ब्लाऊज तसेच शिवणार, आणि गिऱ्हाईक परत आले की दोष आपल्या नशिबाला देणार. पण "हे बिघडले" असे गटावर लिहिले तर ती दुसऱ्या दिवसापासून येणार नाही. दोन्ही टाळून मी फोटोवरच बोटाने लाल गोल काढते, ती सोय मोबाईलमध्ये आहे, आणि तिला एकटीला पाठवते: "डावा मुंढा उजव्यापेक्षा पाव इंच वर आहे. तेवढा पुसून पुन्हा आख." झाले. तिच्याबद्दल काही नाही, मुंढ्याबद्दल. एकच चूक पाच जणींची दिसली की मग ती गटावर सांगावी, कोणाचेही नाव न घेता. आणि एखादीने कठीण गोष्ट खरोखर साधली असेल, तर तेही नेमके सांगावे. "छान" नव्हे, "तुझी तिरपी पट्टी गळ्यावर कोठेही चुरगळली नाही" असे. ते वाचून तिला आपण तिचे काम खरेच पाहिले हे कळते.

निरोप आवाजात पाठवावा की लिहून? मला लिहायला वेळ लागतो, माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनाही लागतो. तेव्हा बोलून पाठवणे सोपे. परंतु त्यालाही बाजू आहेत. आपला निरोप तिकडे सगळ्या घरात ऐकू जातो. "कालचे काम का झाले नाही?" हे माझे वाक्य तिच्या सासूबाईंच्या कानावर पडले तर काय होईल, याचा विचार करून बोलावे. म्हणून माप आणि दुरुस्ती मी लिहून पाठवते, चार शब्दांत. ते तिला पुन्हा पुन्हा बघताही येते. समजावून सांगावयाचे असेल तेवढेच बोलून, आणि तेही एक मिनिटाच्या आत. पाच-पाच मिनिटांचे निरोप पाठवणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. कणीक मळता मळता ते ऐकत बसावे लागते आणि नेमके कामाचे वाक्य शेवटी येते.

मी स्वतःही एका ऑनलाईन अभ्यासक्रमाला पैसे भरले होते. संस्थेचे नाव सांगत नाही. कपड्यांची नवीन धाटणी शिकवणार होते. व्हिडिओ झकास होते, खोटे कशाला बोलू. पण एक शंका लिहून पाठवली, तर लगेच उत्तर आले की आपला प्रश्न मिळाला आहे, आपण आमच्यासाठी मोलाच्या आहात. दुसरी शंका पाठवली, तेच उत्तर. तिसरीलाही तेच. मग शेवटी सगळे व्हिडिओ उघडून बंद केले तर एक छापील प्रमाणपत्र आले. माझा एक टाकाही कोणी पाहिला नाही. ते प्रमाणपत्र मी जपून ठेवले आहे, विद्यार्थिनींना दाखवायला. त्यांना म्हणते, माझ्या वर्गात कागद मिळणार नाही, पण तुझे प्रत्येक ब्लाऊज मी उलटे करून बघेन. म्हणजे फोटोतच, शिवण आतून कशी आहे त्याचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर आज बोलायला उभी राहिले, तिच्याकडे येते.

पुण्याचे सेवासदन १९०९ साली निघाले, रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना शिकवण्याचे काम तेथे उभे केले. त्या काळी बाईने शिकायला घराचा उंबरा ओलांडणे हीच मोठी लढाई होती. आता वर्गच उंबऱ्याच्या आत येतो. फार सोयीचे झाले, सगळे म्हणतात. खरेच आहे. पण वर्ग घरात आला की घरही वर्गात येते. सेवासदनात गेलेली बाई निदान तेवढे दोन तास सेवासदनात असे. माझी विद्यार्थिनी खडू हातात घेऊन बसते आणि कुकरची शिट्टी होते. "पाणी दे ग" म्हणून हाक येते. दारावर कोणी येते. ती उठते, परत येते, आणि मधले पाच मिनिटांचे गेलेले सांगण्याची तिला लाज वाटते. म्हणून मी दर दहा मिनिटांनी मागचे दोन वाक्यांत पुन्हा सांगते, कोणी न विचारता. जी बसून होती तिची उजळणी होते, जी उठली होती तिची अब्रू राहते.

आणि वर्गातून बाई निघून गेली तर कळत नाही. ओटीवर जागा रिकामी दिसायची. येथे फक्त एक चौकोन कमी होतो आणि बाकीचे चौकोन पसरून ती जागा भरून टाकतात. म्हणून मी वही ठेवली आहे, शाळेतल्या हजेरीसारखी. दोन तास ओळीने कोणी दिसली नाही की तिसऱ्या दिवशी मी फोन करते. का आली नाहीस असे विचारत नाही; कापड कुठवर आले असे विचारते. तासगावकडच्या एकीने तिसऱ्या तासानंतर येणे बंद केले होते. विचारले तर म्हणाली, मुलगा दहावीला आहे, मोबाईल घरात एकच, दुपारी तो त्याला लागतो. शिवण सोडते म्हणाली. मी म्हटले, सोडू नकोस. वर्गाचे चित्रण मी ठेवतेच. ते तू रात्री साडेनऊला बघ, सकाळी डबे झाले की आखणीचा फोटो पाठव. ती एकदाही पुन्हा आमच्या वर्गाला हजर नव्हती, आणि तिचे ब्लाऊज त्या तुकडीत सगळ्यांत नीट झाले. आज ती शेजारपाजारचे शिवून चार पैसे मिळवते.

दुसरी एक होती, तिचे मात्र तसे झाले नाही. हुशार होती, प्रश्न विचारायची. सातव्या तासानंतर दिसेना. मी फोन केला, कोणी पुरुषाने उचलला आणि "ती नाही" म्हणून ठेवला. चार दिवसांनी पुन्हा केला, तेच. तिसऱ्यांदा मी केला नाही. घरात कोणाला रुचत नसेल तर माझ्या फोनामुळे तिलाच बोलणी बसतील. तिचा शेवटचा फोटो माझ्याकडे आहे: पुढचे दोन्ही भाग, टक्स घातलेले, हूकपट्टी लावायची राहिलेली. तिची उरलेली फी एका पाकिटात घालून ठेवली आहे.

तुमच्यापैकी काही जणी असे वर्ग काढू म्हणता आहात, म्हणून दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. पैसे न भरता झूमवर घेतलेली सभा ४० मिनिटांनी आपोआप बंद पडते, गूगल मीटवर तिघी-चौघी किंवा जास्त असल्या तर तासाची मर्यादा आहे; वेळ आधी सांगून ठेवावी, नाहीतर आपण मुंढ्यावर असतो आणि सगळ्या अदृश्य होतात. खरे म्हणजे ४० मिनिटे पुरेशीच आहेत. त्यापुढे मान आणि डोळे दोन्ही थकतात. वेळ दुपारी अडीचची धरावी, मागची आवराआवर झालेली असते. आपल्या भजनवर्गाच्या बाईंना एक सांगावयाचे आहे: सगळ्यांनी मिळून गाणे मोबाईलवर जमणार नाही. प्रत्येकीचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, आणि टाळ पुढे, अभंग मागे असा प्रकार होतो. एकीने म्हणावे, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून घरात म्हणावे. मग दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करून पाठवावे.

शेवटी कार्यकारिणीकडे एक मागणे आहे. माझ्या वर्गाला नाव घालून न येऊ शकलेल्या बायकांची मी मोजदाद केली, तर निम्म्याहून अधिक जणींजवळ स्वतःचा मोबाईल नव्हता. त्यांतल्या चौघी आपल्याच पेठेतल्या आहेत. मंडळाची मागची खोली दुपारी रिकामी असते. तेथे मंडळाच्या मालकीचा एक मोबाईल, एक जुने यंत्र आणि भिंतीला ठोकलेली एक लाकडी पट्टी एवढे झाले, तर दोन ते चार या वेळात त्या बायका तेथे बसून शिकू शकतील. माझ्या वर्गात असे नाही, कोणाच्याही वर्गात. यंत्र मी माझे देते. पट्टी कशी ठोकावयाची तेही दाखवीन. मोबाईलचे आणि महिन्याच्या इंटरनेटचे काय करावयाचे ते आपण येत्या सभेत ठरवावे. पहिली तुकडी पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आहे, तेव्हा त्याच्या आधी ठरले तर बरे.